पुस्तकाच्या तीन प्रती पाठवा

दिवाळी अंकांचा हंगाम ओसरला की पुरस्कारांच्या आवाहनांचा हंगाम सुरू होतो. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर, आणि आता घरोघरच्या मोबाइलवर, एकाच साच्यातून काढलेल्या जाहिराती येऊ लागतात. कुणाच्या तरी स्मरणार्थ राज्यस्तरीय पुरस्कार, त्यासाठी गेल्या वर्षातला कथासंग्रह, पुस्तकाच्या तीन प्रती, लेखकाचा परिचय, दोन छायाचित्रे, प्रवेशशुल्क आणि शेवटी परीक्षकांचा निर्णय अंतिम. गेली सहा-सात वर्षे आम्ही ही आवाहने नेमाने वाचतो, कापून ठेवतो, आणि पुढे निकाल आला की आवाहनाशी ताडून पाहतो. या सगळ्या कागदांत एक गोष्ट सारखी नजरेत भरते. त्यात कुणीही कथा मागवलेली नसते. मागवलेला असतो तो कथासंग्रह.

हा फरक शब्दाचा नाही. कथा लिहायला लागते वही, पेन आणि रात्रीचे दोन तास. कथासंग्रह काढायला दहा-बारा कथा, प्रकाशकाची ओळख आणि खिशात पैसे लागतात. शंभर-सव्वाशे पानांच्या संग्रहासाठी नवोदिताकडे किती रक्कम मागितली जाते, हे ज्यांनी विचारून पाहिले त्यांना ठाऊक आहे. पाच आकड्यांच्या खाली बोलणे होत नाही. म्हणजे आपल्या बहुतेक पुरस्कारांची पहिली चाळणी परीक्षक लावतच नाहीत. ती आधीच लागलेली असते, आणि तिची भोके पैशाच्या मापाची असतात.

शासनाचे पुरस्कार पाहिले तरी चौकट हीच आहे. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत लघुकथेसाठी दिवाकर कृष्ण यांच्या नावाचा पुरस्कार आहे, पहिल्याच पुस्तकासाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा आहे. दोन्ही पुस्तकाला. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार पुस्तकाला, २०११ पासूनचा युवा पुरस्कारही पुस्तकालाच. मोठ्या संस्थांची ही रीत समजण्यासारखी आहे. त्यांना वर्षभराचे सगळे वाङ्मय तोलायचे असते आणि पुस्तक हे तोलायला सोयीचे माप आहे. पण आपल्या, म्हणजे मुस्लिम मराठी साहित्याच्या, छोट्या संस्थांनी तीच रीत डोळे मिटून का उचलावी? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आपल्याला इतरांच्या मांडवात जागा नव्हती म्हणून. आपला मांडव घातला आणि दारावर पाटी मात्र शेजाऱ्याच्या मांडवाची लावली, असा हा प्रकार झाला.

आज आपल्या मुलामुलींची मराठी कथा जन्माला कुठे येते, ते पाहा. नामांकित दिवाळी अंकांचे लेखक बहुतेक ठरलेले असतात. तिथे नवे नाव शिरायला वर्षे जातात, त्यात ते नाव नदाफ, काझी, मुल्ला किंवा मुजावर असेल तर संपादक कथेआधी विषय विचारतो. मासिके एकेक करून मिटली. 'सत्यकथा' तर १९८२ सालीच बंद झाले. मग लिहिणारी पोरे वळली ऑनलाइन नियतकालिकांकडे. मराठीत ही वाट नवी नाही. 'मायबोली' १९९६ पासून आहे. २०११ साली सुरू झालेल्या 'ऐसी अक्षरे'चे ऑनलाइन दिवाळी अंक निघत आले. पुण्याहून २०१७ पासून मराठी-इंग्रजी असे दोन्ही भाषांतले 'हाकारा' सुरू झाले. 'साधना'ने २०१९ साली 'कर्तव्य साधना' हे डिजिटल व्यासपीठ उभे केले. यांतल्या कुणाकडे कथा जास्त, कुणाकडे लेख जास्त. पण संपादकाचा हात फिरल्याशिवाय मजकूर लागत नाही अशी ठिकाणे आता मराठीत आहेत आणि तिथे आपली नावे दिसू लागली आहेत.

आमच्या पालीत मुंबई-गोवा आणि रत्नागिरी-कोल्हापूर हे दोन रस्ते फुटतात. एक लांज्याकडे जातो, एक आंबा घाटाकडे. एसटी, ट्रक आणि माणसे इथून सतत जातात. साहित्य मात्र इथे उतरत नाही. पुस्तकांचे धड दुकान गाठायचे तर रत्नागिरी. अशा गावात मोबाइलवर आलेली एक चांगली कथा काय करते, ते मुंबई-पुण्याच्या माणसाला कदाचित कळणार नाही. उर्दू माध्यमातून दहावी झालेली आमची एक विद्यार्थिनी पुढे रत्नागिरीला मराठीत शिकली आणि तिने एक कथा लिहिली. कुवेतमधल्या नवऱ्याचे आवाजी निरोप साठवून ठेवणारी बाई, त्या निरोपांतला आवाज हळूहळू कोरडा होत जातो, आणि सासू रोज विचारते, काय म्हणाला? ती बाई रोज काहीतरी गोड बनवून सांगते. एवढीच कथा. तलाक नाही, दंगल नाही, मौलवी नाही. एका ऑनलाइन नियतकालिकाने ती घेतली. संपादकांनी दोनदा दुरुस्त्या सुचवल्या, एक अख्खा परिच्छेद काढायला लावला, मगच छापली. छापली हाच शब्द आम्ही वापरतो आणि यापुढेही वापरू.

ती कथा आम्ही एका संस्थेच्या पुरस्कारासाठी पाठवली. संस्था आपलीच. उत्तर दोन ओळींचे आले. केवळ छापील साहित्याचा विचार केला जातो, तरी पुस्तकाच्या तीन प्रती पाठवाव्यात. खाली तोंडी निरोपही होता, तो एका सदस्याने फोनवर दिला. भाषा जरा सुधारायला सांगा, मधे मधे फारच घरगुती बोली आली आहे. ती घरगुती बोली म्हणजे कोकणी मुसलमानांची बोली. सोळा आणे मराठीच्या कुळातली, खाडीच्या दोन्ही काठांवर बोलली जाणारी. आपल्याच संस्थेला ती अशुद्ध वाटावी! मालवणीत कथा आली की माती बोलली म्हणायचे आणि आमच्या घरातली बोली आली की शुद्धलेखन काढायचे, हा न्याय कुठला?

आक्षेप घेणारे काय म्हणतात, तेही ऐकू. पहिला आक्षेप ठरलेला. नेटवर कोणीही काहीही टाकतो, तिथे दर्जा कसला? हे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या कपाटाकडे पाहावे. पैसे भरून काढलेले, मुद्रितशोधन न झालेले, प्रस्तावनेत तीन पाने स्तुती आणि आत पंधरा बेतास बात कथा असलेले संग्रह कागदावर नाहीत काय? कागद दर्जा देत नाही, देतो तो संपादक. ज्या ऑनलाइन नियतकालिकाला संपादक आहे, जे कथा परत करते, बदल मागते, नकार देते, ते नियतकालिक. आणि पैसे घेऊन वाट्टेल ते बांधून देणारा छापखाना हा छापखानाच. एवढा साधा भेद करता येत नसेल तर परीक्षकाच्या खुर्चीत बसू नये.

याहून गंमत अशी की हेच ज्येष्ठ लोक आज जुनी मासिके नेटवर वाचतात. अलाहाबादचे 'शबखून' शम्सुर्रहमान फारुकींनी चार दशके चालवले आणि मिटवले. त्याचे अंक आज आम्ही वाचतो ते २०१३ साली सुरू झालेल्या 'रेख्ता'वर. कागदावरची मासिके नेटवर गेल्यामुळे जगली आणि तिथेच जन्मलेली कथा मात्र हरामी ठरली. हे तर्कशास्त्र आम्हांला उमगत नाही.

बाहेरच्या जगात हा वाद वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच झाला आणि मिटलाही. अमेरिकेत जेसन सॅनफर्ड नावाच्या संपादकाने २००३ साली 'स्टोरीसाउथ' या ऑनलाइन नियतकालिकातर्फे 'मिलियन रायटर्स अवॉर्ड' सुरू केले. अट सोपी होती. वर्षभरात ऑनलाइन नियतकालिकांत आलेली, हजार शब्दांहून मोठी कथा. नियतकालिकांचे संपादक आपापल्या निवडक कथा सुचवायचे, वाचकही एखादी सुचवू शकायचे, मग परीक्षक चाळून उल्लेखनीय कथांची लांब यादी जाहीर करायचे, त्यातून दहा, आणि दहांतून वाचकांच्या मताने एक. पुरस्काराची रक्कम डोळे दिपवणारी नव्हती. खरे मोल त्या लांब यादीचे होते. वर्षभरात कुठे काय चांगले आले हे एका जागी कळायचे, कुणी ऐकलेही नव्हते अशा नियतकालिकांची नावे त्यातून पुढे यायची, आणि छापील मासिकांच्या संपादकांना मान वळवून पाहावे लागायचे. २००६ पासून 'बेस्ट ऑफ द नेट' नावाचे वार्षिक संकलनही निघू लागले.

पण आपल्याला जवळची गोष्ट अमेरिकेची नाही, आफ्रिकेची आहे. २००० साली आफ्रिकी लेखकांसाठी केन पुरस्कार सुरू झाला. तो एका कथेला मिळतो, पुस्तकाला नाही. पहिल्याच वर्षी तो मिळाला लैला अबुलेला या सुदानी लेखिकेला. खार्टूममध्ये वाढलेली, स्कॉटलंडमध्ये राहिलेली, दीन आणि दुनिया दोन्ही कथेत आणणारी ही बाई आपल्या वाचकांनी जरूर वाचावी. दोन वर्षांनी, २००२ साली, केनियाच्या बिन्यावांगा वैनैना याने हाच पुरस्कार मिळवला तो एका ऑनलाइन नियतकालिकात आलेल्या लेखनावर. आयोजकांनी आधी त्याला कळवले होते की छापील नसलेले आम्ही घेत नाही. म्हणजे तिकडेही तीन प्रती पाठवा! त्याने चिडून पत्र लिहिले, पुढे तेच लेखन अंतिम यादीत आले आणि जिंकले. हे त्याने आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. पुरस्कार घेऊन तो स्वस्थ बसला नाही. नैरोबीत त्याने 'क्वानी?' नावाचे नियतकालिक उभे केले आणि पुढच्याच वर्षी, २००३ साली, केन पुरस्कार त्या 'क्वानी?'त आलेल्या इव्हॉन ओवूर यांच्या कथेला गेला. एका संस्थेने एक नियम सैल केला, त्यातून एका देशाच्या साहित्याला दार उघडले. असे उदाहरण समोर असताना आपण अजून प्रतींची संख्या मोजत बसलो आहोत.

आपल्या देशातही असे काम झाले आहे. दिल्लीच्या 'कथा' या संस्थेने १९९० च्या दशकात वेगवेगळ्या भाषांतल्या नियतकालिकांत आलेल्या सुट्या कथा निवडून त्यांना पुरस्कार दिले. प्रत्येक भाषेतला एक जाणकार कथा सुचवायचा, ती इंग्रजीत यायची, दरवर्षी खंड निघायचा. त्यात अनुवादकाचाही मान होता. एक चांगली कथा लिहिली, संग्रह नाही, तरी तुम्ही लेखक, ही गोष्ट त्या खंडांनी मानली. आपण मात्र सत्कार करताना अजून विचारतो, किती पुस्तके झाली?

उर्दूकडे वळतो, कारण आम्ही रोज सकाळी तीच भाषा शिकवतो. पनवेलचे सलाम बिन रज्जाक मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते. २००४ साली 'शिकस्ता बुतों के दरमियान' या अफसान्यांच्या संग्रहाला त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी साहित्य उर्दूत नेण्याचे कामही त्यांनी केले. मे २०२४ मध्ये ते गेले. त्यांचा पहिला संग्रह १९७७ चा. संग्रहाआधी आणि संग्रहांच्या मधल्या काळात ते लेखक कशावर होते? मासिकांत येणाऱ्या एकेका अफसान्यावर. एक अफसाना यायचा, त्यावर पुढच्या अंकात पत्रे यायची, चहाच्या टेबलावर भांडण व्हायचे. लेखक असा घडतो. पुरस्कार पंचवीस वर्षांनी आला तर तो केलेल्या कामाचा मान. पण पंचविशीतल्या मुलीला मान नको असतो, तिला हवे असते ते कुणीतरी वाचल्याचे चिन्ह. ते आज कोण देते?

चिपळूणच्या रहमान अब्बास यांना 'रोहज़िन' या उर्दू कादंबरीसाठी २०१८ सालचा अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या जिल्ह्यात अभिनंदनाचे फलक लागायला हवे होते. आम्ही तरी पाहिले नाहीत. त्याआधी त्यांच्या पहिल्या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला आणि निर्दोष ठरायला २०१६ साल उजाडले, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी ती कादंबरी वाचून मत दिले होते? हमीद दलवाई आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीचे. त्यांचे राजकारण, त्यांची टीका पटो वा न पटो, आम्हांलाही सगळी पटत नाही. पण 'लाट'मधल्या कथा लिहिणारा कथाकार आपण त्या वादापायी घराबाहेर ठेवला, हे नाकारून चालणार नाही. आपल्या व्यासपीठांवर शेख महंमद श्रीगोंदेकरांपासून शाहीर अमर शेखांपर्यंतचा पाढा दरवर्षी म्हटला जातो. पाढा चांगला आहे. तो म्हणून झाला की वक्ता खाली बसतो आणि सभागृहात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या लिहित्या पोराला कुणी नाव विचारत नाही.

मे २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हसनच्या बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लँप' या कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. अनुवाद दीपा भास्ती यांचा. कथासंग्रहाला तो पुरस्कार मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्या आठवड्यात आमच्या मोबाइलवर मुबारकबादीचा पूर आला. ज्यांनी तो पाठवला त्यांतल्या काहींना आम्ही विचारले की याच बाईला २००० साली मशिदीत बायकांना जाऊ द्यावे असे म्हटल्याबद्दल सामाजिक बहिष्कार सोसावा लागला, हे माहीत आहे का? उत्तरे आली नाहीत. त्या कथा तीस-पस्तीस वर्षांत, घरात दखनी उर्दू बोलणाऱ्या एका बाईने राज्याच्या भाषेत, कन्नडमध्ये लिहिल्या. आपल्या मुली नेमके तेच मराठीत करत आहेत. त्यांच्यातली बानू मुश्ताक लंडनहून शिक्का मारून येईपर्यंत आपण थांबायचे ठरवले आहे काय?

समाजाची बदनामी होईल, हा दुसरा आक्षेप. तो लेखी कुणी करत नाही, कुजबुजत करतात. कथेत दारू पिणारा मामू आला, हुंडा मागणारी खाला आली, की समितीतल्या कुणाच्या तरी कपाळाला आठी पडते. आणि दुसऱ्या बाजूला मराठीतले काही मोठे संपादक आहेत, त्यांना आमच्याकडून मामू आणि खाला नको असतात, बुरखा आणि तलाक हवा असतो. दोघांनाही कथा नको आहे, वकीलपत्र हवे आहे. एकाला बचावाचे, एकाला फिर्यादीचे. आमच्या विद्यार्थिनीची कथा दोन्हीकडे बसत नाही, कारण तिच्यातली बाई निरोप ऐकत बसली आहे. अशा कथेला जागा देणारा पुरस्कार आपणच दिला पाहिजे, दुसरा कोण देणार?

सरकारवर भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही. डिसेंबर २०२२ मध्ये काय झाले ते सर्वांना आठवत असेल. कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच शासन निर्णय काढून तो रद्द करण्यात आला, निवड समितीसकट. निषेध म्हणून काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, काहींनी समित्यांचे राजीनामे दिले. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, या ओळीची किंमत त्या दिवशी कळली. मराठीतल्या प्रतिष्ठित पुरस्काराचे हे झाले, तर आपल्या कथेची काळजी कुठला विभाग वाहणार?

तेव्हा मागणी सरळ आहे. आपल्या साहित्य संस्थांनी, आणि हा वार्षिक अंक काढणाऱ्यांनीही, वर्षभरात ऑनलाइन नियतकालिकांत आलेल्या मराठी कथेसाठी दरवर्षी एक पुरस्कार सुरू करावा. लेखक मुसलमान असावा की विषय मुस्लिम जीवनाचा असावा, यावर वाद होईल. आमचे मत लेखकाच्या बाजूने आहे. मुसलमान मुलाने आंबा घाटातल्या ट्रक क्लीनरवर लिहावे, शेजारच्या कुळवाड्याच्या म्हशीवर लिहावे, तो त्याचा हक्क आहे. उर्दूतून मराठीत अनुवाद होऊन आलेल्या कथेलाही वेगळी जागा असावी आणि अनुवादकाचे नाव लेखकाच्या नावाच्या मापातच छापावे.

काही गोष्टींवर मात्र आमचा हट्ट राहील. प्रवेशशुल्क नको. शुल्क घेऊन पुरस्कार वाटण्याचा जो धंदा गावोगाव चालू आहे, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि जेवणाचे कूपन, त्याला साहित्याशी नाते सांगण्याचा अधिकार नाही. मोबाइलवरच्या स्पर्धांतली, भाग घेईल त्याला मिळणारी रंगीत प्रमाणपत्रे त्याच जातीची. आमच्या एका सहकाऱ्याकडे अशी चाळीस-एक प्रमाणपत्रे आहेत आणि त्याच्या कथेबद्दल आजवर कुणी एक वाक्य बोललेले नाही.

दुसरे, मतदान नको. अमेरिकेतल्या त्या पुरस्कारात शेवटची निवड वाचकांच्या मतांनी व्हायची, तिथे ते चालले असेल. आपल्याकडे मत म्हणजे काय ते जमातीच्या निवडणुकीत आणि ग्रामपंचायतीत पाहिले आहे. लिंक फिरेल, मुंबईतले गाववाले, आखाती देशांतले भाऊबंद, सगळे न वाचता बटण दाबतील, आणि ज्याची भावकी मोठी त्याची कथा मोठी ठरेल. तीन परीक्षक असावेत, दरवर्षी बदलावेत, त्यांत एक स्त्री आणि एक मुस्लिमेतर असावा. निवडीची कारणे त्यांनी पानभर लिहून सहीनिशी छापावीत. निर्णय अंतिम असेल तर असो, पण तो मुका नसावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि इथे आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे आम्हांला मान्य आहे. नेटवरचे टिकत नाही. 'सत्यकथा' बंद झाले तरी त्याचे अंक ग्रंथालयांत बांधून ठेवलेले सापडतात. ऑनलाइन नियतकालिक बंद पडले, भाडे भरायचे राहिले, की एका रात्रीत सगळे जाते. याहूने २००९ साली जिओसिटीज बंद केली तेव्हा हौशी लोकांनी त्यावर मांडलेली असंख्य पाने गेली. मराठीत युनिकोड रुळण्याआधी जे श्रीलिपीत, कृतिदेवात टंकले ते दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती चिन्हे दिसतात. उर्दूची हालत त्याहून वाईट. इनपेजमध्ये बसवलेला नस्तालीक मजकूर वर्षानुवर्षे चित्र म्हणून नेटवर चढवला गेला. डोळ्यांना सुंदर, पण त्यात एक शब्द शोधू म्हटले तर सापडत नाही. आमच्या कात्रणांच्या वहीत जुन्या कथांचे पत्ते आहेत. त्यांतले निम्मे आज उघडत नाहीत.

पण यावर उपाय पुरस्कार नाकारणे नव्हे, उपाय पुरस्कार देणे हाच आहे. निवडलेली कथा आणि उल्लेखनीय ठरलेल्या सर्व कथा, लेखकांच्या परवानगीने, या वार्षिक अंकात कागदावर छापाव्यात. दहा कथांना साठ-सत्तर पाने लागतील. सत्काराचे फोटो आणि शुभेच्छांच्या जाहिराती थोड्या कमी केल्या तर ती निघतील. असा अंक जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत, मदरशांच्या वाचनालयांत, तालुक्याच्या ग्रंथालयांत पोहोचवावा. नेटवर जन्मलेली कथा कागदावर सुरक्षित होईल आणि कागदाला नवे रक्त मिळेल. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हा तोही नवाच प्रकार होता. काशिनाथ रघुनाथ मित्रांना कुणी विचारले असेलच, की मासिकाच्या एका अंकाला एवढे काय डोक्यावर घेता?

पैशाचे काय, असे विचारतील. एका संमेलनाच्या मांडवाचा आणि जेवणावळीचा खर्च पाहिला तर असा पुरस्कार कित्येक वर्षे चालेल. रक्कम लहान असली तरी चालेल. पाचशे एक रुपये द्या, पण कथेवर पानभर लिहा. २०१९ साली सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांनी विचारले होते, सर, हे आपल्यातले आहेत का? आणि मराठीत लिहितात? मुलांना एवढे कळणेही मोठे असते. पण ते पुस्तक होते म्हणून दिसले. न दिसणारे किती आहेत, ते मोजायची सोय आपण केलेली नाही.

सुरुवात करायला समितीची बैठक, ठराव, अनुमोदन यांची वाट पाहण्याची गरज नाही. गेल्या वर्षभरात ऑनलाइन नियतकालिकांत आलेल्या, मुस्लिम लेखक-लेखिकांच्या अकरा मराठी कथा आम्ही वाचून वेगळ्या काढल्या आहेत. सात बायकांच्या आहेत. दोन तर इतक्या चांगल्या आहेत की त्यांतली कुठली वर ठेवावी यावरून आमच्या शिक्षक खोलीत दोन मधल्या सुट्ट्या भांडण झाले. सर्व कथांच्या छापील प्रती काढून फाइल करून ठेवली आहे, कारण पत्ते कधी बंद पडतील सांगता येत नाही. ज्या संस्थेला परीक्षक नेमायचे असतील तिने कळवावे. फाइल पोस्टाने पाठवू, टपालखर्च आमचा.